जरा जास्तीचा जनरेटर

फाटकासमोर ट्रक थांबला तेव्हा अण्णांना वाटलं, शेजारी बिऱ्हाड हलवतायत. पण ट्रकवर खोलीएवढं एकच हिरवं धूड होतं.

"जनरेटर तुमचाच ना?" ड्रायव्हरने विचारलं. "फाटकातून जायचा नाही हा."

अण्णांनी तीस वर्षं पंपहाउस सांभाळलं होतं. आकड्यांत त्यांचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. वीज गेली तरी तुला उकडू देणार नाही, असा त्यांनी म्हाताऱ्या आईला शब्द दिला होता. अख्ख्या घराचा एसी चार किलोवॅट खातो. पण सुरू होताना कॉम्प्रेसर तिप्पट ओढतो, म्हणून बारा. आकडा कागदावर लिहून त्यांनी फ्रिजवर चिकटवला होता. आणि आला होता तीसचा!

घराला खोडच तशी होती. जो तो गुपचूप थोडं जास्तीचं धरायचा. प्रत्येकाने पाच-पाच मिनिटं पुढे सारल्यामुळे भिंतीवरचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे धावत होतं.

"मी फक्त पंधरा केले," बायको म्हणाली. "तुम्ही पाहुणे कधी धरता का?"

"मला वाटलं आई पाहुणे विसरली असेल, म्हणून मी वीस केले," मुलगा म्हणाला.

सून चाचरली. "फोन मी केला. गिझर कुणीच धरला नसेल, म्हणून पंचवीस सांगितले. पण तीस नाही हं!"

"वरचे पाच दुकानदाराचे," अण्णा म्हणाले. "आपल्यातलाच दिसतोय."

तेवढ्यात वीज गेली. आत आई एकटी होती. अण्णा क्षणभरही डगमगले नाहीत.

"उतरवू नका! ट्रकवरच चालू करू."

जोडणीसाठी आलेल्या वायरमनने मेन स्विच पाडला आणि ट्रकपासून घरापर्यंत केबल ओढली. जनरेटर गरजला, खिडक्या थरथरल्या आणि एसी पहिल्या दमात सुरू झाला. दिवे मिणमिणलेसुद्धा नाहीत. अण्णांची छाती फुगली. तासभर त्यांनी गल्लीतल्या लोकांना तिप्पटीचा हिशेब समजावला आणि मग ऐटीत आईच्या खोलीत गेले.

आई स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून कुडकुडत बसली होती. एसी सोळावर होता.

"हे कुणी केलं?"

"मीच रे. तू चोवीसच्या खाली जायचा नाहीस, ठाऊक आहे मला. म्हटलं, थोडं जास्तीचं असलेलं बरं." तिने नाक ओढलं. "एक पांघरूण आण बघू. थांब, दोन आण."