रासिमानची उन्हातली गाडी

गुरुवारी सकाळी सहाला रासिमानने गाडी चालू केली, तर पडद्यावर बॅटरी फक्त अकरा टक्के. शहरातलं इस्पितळ अठ्ठावीस किलोमीटरवर. बायको वारसिनीच्या किडन्यांनी दोन वर्षांपूर्वीच हात टेकलेले. आठवड्यातून दोनदा, आठ ते बारा, यंत्राच्या खुर्चीत बसून रक्त धुऊन घ्यायचं. एक खेप चुकली तर पाणी छातीत चढेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलेलं.

गाडी उन्हावर चालणारी, छपरावर आणि पुढच्या झाकणावर सौरपत्रे बसवलेली, आणि गाव जावाच्या किनाऱ्यावरचं, म्हणजे उन्हाला तोटा नव्हता. तोटा होता तो रासिमानच्या तोंडात 'नाही' या शब्दाचा. गाडीसुद्धा त्याला तशीच चिकटली. "वापरून बघा" म्हणत सरकारी साहेब ती घेऊन आले, अख्ख्या गावाने माना खाली घातल्या, आणि साहेबांनी नेमकं याच्याकडे पाहिलं. घरच्या विजेवर लावावी तर मीटरचा खटका धाडकन पडायचा. मग राहिलं ऊन. सगळं गाव सावली शोधायचं तेव्हा ही गाडी भर उन्हात उभी असायची. छप्पर सपाट, स्वच्छ आणि तव्यासारखं तापलेलं!

मंगळवारी म्हातारी म्बाह कार्ती, म्हणजे गावाची कार्ती आजी, बांबूच्या सुपात मासळी घेऊन आली. "रासिमान, एवढी मासळी दुपारपर्यंत वाळत ठेवू का रे वर? खाली कोंबड्या फार."

"ठेवा की, म्बाह. त्यात काय विचारायचं!"

विचारायचं होतं हो, पण म्हातारीला नाही म्हणणार कोण? बुधवारी छपरावर सात सुपं झाली. रासिमानने आपल्या परीने सुचवून पाहिलं. "आज ऊन काय छान पडलंय, नाही? गाडीलाही बरं वाटेल."

"हो ना! म्हणून तर पुढच्या झाकणावरपण पसरली," म्हातारी म्हणाली. "आणि तुझ्या गाडीत वास जाऊ नये म्हणून वरून पातळ फडकं घातलंय बरं का."

"फार उपकार झाले," रासिमान म्हणाला. खरंच म्हणाला!

तर अकरा टक्के. सतराव्या किलोमीटरला मिठागरांपाशी गाडीने मान टाकली. वर आता मासळी नव्हती, पण अर्ध्या तासाला एक टक्का चढत होता. वारसिनी दाराशी बसली, पाय सुजलेले, ओठ सुकलेले. तिला पाणीसुद्धा मोजून प्यायचं.

एक टेम्पो थांबला. "चला काका, सोडतो."

"नको नको, उगाच तुम्हाला त्रास."

आता आपल्याकडची रीत कोणाला ठाऊक नाही? दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं की चढायचं. पण टेम्पोवाला परमुलखातला. त्याला 'नको' म्हणजे नको वाटलं, मेला निघून गेला. मग भाजीवालीची गाडी आली. तिने रीतसर दोनदा विचारलं आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"पाक," मोठ्या माणसाला आदराने मारतात ती हाक मारत वारसिनी हळूच म्हणाली, "मला धाप लागतेय."

रासिमानच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी एक मासळीचा ट्रक आला. त्याने तीनदा विचारलं, देव त्याचं भलं करो.

इस्पितळात पोचायला साडेदहा वाजले. "दीडच तास मिळेल," नर्स म्हणाली. "बाराला दुसरी पाळी."

तेवढ्यात एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस हात जोडून पुढे आला. मागे त्याची वाळलेली म्हातारी आई. "पाक, तुमची वेळ तर वायाच गेली. माझ्या आईला आत्ताच बसवू का? आम्हाला दुपारची शेवटची बोट गाठायची आहे."

"हो हो, बसवा की, त्यात काय..."

"नाही," वारसिनी म्हणाली.

रासिमानने चमकून पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्याने तिच्या तोंडून ऐकला नव्हता. ती भिंत धरत धरत गेली, खुर्चीत बसली आणि नर्सपुढे हात केला. रासिमान त्या माणसाला वाकून वाकून माफी मागत राहिला. माणूस तोंड पाडून चौकशीच्या खिडकीकडे गेला.

बाहेरच्या बाकावर त्या माणसाच्या आईशेजारी बसताना रासिमानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आजी, माफ करा हो. बायको आजारी आहे, म्हणून असं बोलली."

"अरे, दुवा देते मी तिला," म्हातारी पुटपुटली. "दीड तास सुटले. मला आता नकोच आहे रे हे रक्त धुणं. खूप झालं, थकले मी. पण पोरगा एवढ्या लांबून आणतो, त्याला नाही कसं म्हणायचं?"

मुलगा लगबगीने परत आला.

"आई, बाराला तुझा नंबर पक्का केला, बोट उद्याची घेऊ. आणि आता आठवड्यातून तीनदा यायचं म्हणतात. चालेल ना?"

"चालेल की रे राजा," म्हातारी हसून म्हणाली. "त्यात काय विचारायचं."