एझ्रा बॉटमलीची नवरी

स्टॅन्ली अर्नशॉचा बारावा राजीनामा टाइप करून होईपर्यंत चहा गार झाला होता. मजकूर बारा वर्षं तोच होता, फक्त तारीख बदलायची. क्लेगडेल टाऊन फुटबॉल क्लबचा तो एकतीस वर्षं सेक्रेटरी होता. सेक्रेटरी म्हणजे मैदानावर रेषा मारणारा, जाळी शिवणारा, पंचांना सँडविच नेऊन देणारा आणि कुणी आलं नाही तर तिकीटबारीवरही बसणारा. वार्षिक सभेत तो राजीनामा द्यायचा, सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसायचे आणि मग तो एकमताने निवडून यायचा.

"या खेपेला सुटला नाहीस तर मी एकटी जाणार," त्याची बायको मॅव्हिस म्हणाली. व्हिटबीला समुद्रकाठी, लेकीच्या शेजारी, दोन खोल्या वर्षभर त्यांची वाट बघत होत्या. "तुझ्या गुडघ्यांनी तर कधीच राजीनामा दिलाय."

"यंदा नायजेल तयार आहे. आपला पोस्टमन. शनिवारी सामना झाला की सभा, सभा झाली की सुटलो."

तेवढ्यात फोन वाजला. अध्यक्ष क्लिफ होता. त्याला कुठलीही गोष्ट ओरडल्याशिवाय सांगता येत नसे.

"स्टॅन, आधी खुर्चीत बस! एझ्रा बॉटमलीची नात सापडली!"

स्टॅन्ली खरोखरच बसला. नात सापडायला त्याची काही हरकत नव्हती, पण मुळात एझ्रा बॉटमली कधी जन्मालाच आला नव्हता.

झालं होतं असं. सामन्याच्या पुस्तिकेत 'जुने दिवस' नावाचं एक पान असे, आणि अर्थातच ते स्टॅन्लीच्या गळ्यात होतं. क्लबचा खरा इतिहास म्हणजे एक स्थापना, एक पूर आणि उपांत्य फेरीतला एक पराभव. तो पुरवून पुरवून किती पुरवणार? नऊ वर्षांपूर्वी जानेवारीत छापखानेवाला खोळंबला होता आणि पान कोरं होतं. कंटाळून स्टॅन्लीने लिहून टाकलं, की १९०८ साली गोलकीपर आजारी पडला म्हणून एझ्रा बॉटमली नावाचा खाटीक नवरीला चर्चमध्ये उभी ठेवून, लग्नाच्या कोटातच मैदानावर धावत आला आणि त्याने दोन पेनल्टी अडवल्या.

लोकांना एझ्रा भारी आवडला. मग स्टॅन्लीने त्याला मिशा दिल्या, पुढे कुत्रा दिला. बघता बघता सामन्याआधी म्हातारे 'एझ्रा असता तर' म्हणून उसासे टाकू लागले. यंदा गोलामागच्या नव्या पत्र्याच्या शेडला त्याचं नाव द्यायचं ठरलं, ते पेपरात आलं, आणि ते वाचून ही नात उगवली. त्या खोऱ्यात बॉटमली पैशाला पासरी होते आणि मागच्या पिढ्यांत एझ्राही काही कमी नव्हते, हे स्टॅन्लीच्या आधी लक्षात यायला हवं होतं.

शनिवारी विनिफ्रेड बॉटमली हजर झाल्या. वय ब्याऐंशी. बिस्किटाच्या डब्यातून त्यांनी एक फोटो काढला. कोट घातलेला एक मिशीवाला माणूस.

"मिशा बघा! कोट बघा!" क्लिफने टोपी काढली.

"फुटबॉलचं कधी एक अक्षर बोलले नाहीत हो घरात," विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "फार अबोल माणूस. पण एक कळत नाही. त्यांचं लग्न तर मंगळवारी झालं. मंगळवारी सामना कसा?"

चाळीस माणसं स्टॅन्लीकडे वळली.

"कपचा फेरसामना होता," स्टॅन्लीच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाशी?" नायजेलने वही काढली. होणाऱ्या सेक्रेटरीला माहिती हवी ना!

स्टॅन्लीने प्रतिस्पर्धी दिला, स्कोअर दिला, धुकं दिलं, चिडून मैदानात घुसलेला नवरीचा मामासुद्धा दिला. नायजेल लिहीत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

सभेत नायजेल उभा राहिला तो वही मिटूनच. "मला नाही झेपायचं. रेषा मी मारीन, पण एवढं सगळं एका डोक्यात? उद्या मला कुणी काही विचारलं तर मी काय तोंड दाखवू?"

सगळ्यांनी बुटांकडे पाहिलं. व्हिटबीच्या खोल्या डोळ्यांदेखत चालल्या होत्या.

"अरे बाबांनो, ते सगळं खोटं आहे!" तो ओरडला. "एझ्रा मी बनवलाय! आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर!"

विनिफ्रेडबाईंनी सँडविच खाली ठेवलं आणि फोटो वर धरला. "मग हे कोण?"

सगळे फोटोतल्या मिशांकडे बघू लागले. स्टॅन्लीसुद्धा.

"दमलाय बिचारा," क्लिफ हळहळून म्हणाला. "म्हणून तर त्याला जपायला पाहिजे. हात वर करा पाहू."

घरी दाराशी एकच बॅग भरून ठेवलेली होती.

"पुन्हा?" मॅव्हिसने विचारलं.

"एकमताने."

तिने फळीवरून जुन्या पुस्तिका काढल्या. म्हणजे ती त्या वाचत होती तर! "मला एक सांग. हा कोट घालून गोलात उभा राहिला. चर्चमधल्या त्या नवरीचं पुढे काय झालं?"

"ते... नाही लिहिलं."

"नऊ वर्षांत सुचलं नाही? हातात फावडं, बुटांना बर्फ, मैदान साफ करून आपल्याच लग्नाला पन्नास मिनिटं उशिरा आलेला नवरा मला ओळखू येणार नाही असं वाटलं तुला? पहिल्याच शनिवारी ओळखला मी त्याला."

स्टॅन्लीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुत्र्याला त्याने नाव दिलं होतं आणि नवरीला साधं नाव दिलं नव्हतं. तो टाइपरायटरपाशी बसला.

'जुने दिवस. दुसरी पेनल्टी अडवून एझ्रा चर्चमध्ये गेला. नवरी तिथेच होती. तिचं नाव मॅव्हिस. तिला घेऊन तो समुद्रकाठी राहायला गेला आणि मैदानावर पुन्हा आला नाही. पुढच्या शनिवारी गोलात कोण उभं राहिलं याची नोंद नाही, पण सामना झाला.'

मॅव्हिसने चष्मा लावून वाचलं. "नवरी चिडलेली होती, ते घाल."

त्याने घातलं.

रविवारी सकाळी तो कागद आणि क्लबच्या किल्ल्या एका पाकिटात घालून त्यांनी क्लिफच्या दारातल्या फटीतून आत टाकल्या आणि गाडी व्हिटबीच्या रस्त्याला लावली. क्लिफने कागद वाचला, डोळे पुसले आणि लगेच नायजेलला फोन लावला.

"बघ, एझ्रासुद्धा गेला होता, आणि तरी सामना झाला होता!" तो ओरडला. "आता तुला काय धाड भरलीय? ये, किल्ल्या घेऊन जा."

बारा राजीनाम्यांवर त्याने कधी विश्वास ठेवला नव्हता, पण हा तर इतिहास होता.