तांडेल सरांचं गेट

माझ्या मुलाच्या बारशाची बर्फी मी स्टाफरूममध्ये वाटत होते. बाकीच्यांनी उचलली, तोंडात टाकली आणि "अभिनंदन बाई" म्हणून मोकळे झाले. तांडेल सरांनी शर्टाच्या खिशातून गुण्या काढला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार. इतर मास्तरांच्या खिशात जिथे पेन असे तिथे सरांच्या खिशात हे असायचं. तो त्यांनी बर्फीच्या कोपऱ्याला लावला, बर्फी खिडकीसमोर धरली, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, "बाई, उजेड दिसतोय."

मग ती बर्फी खाल्ली आणि दुसरी तपासायला घेतली.

आमची शाळा डोंबिवलीतली, टेक्निकल हायस्कूल. ऐंशीच्या दशकात टेक्निकलला भाव होता. पोरगा कानस चालवायला, वेल्डिंग करायला, लेथवर उभा राहायला शिकला की कुठल्या तरी कंपनीत चिकटेल, या आशेवर मोहन्याहून आणि शहाडहून बाप पोरांना आमच्याकडे धाडत. तांडेल सर या वर्कशॉपचे सर्वेसर्वा. मूळचे ठाण्याच्या खाडीकाठचे कोळी. खाडीतल्या होडीला काठावरून हाका मारून कमावलेला आवाज ते वर्कशॉपातही तसाच वापरत. मी मराठी शिकवायचे, आणि वेळापत्रक करणाऱ्याच्या कृपेनं माझी नववी ब वर्कशॉपच्या भिंतीला भिंत लावून होती. मी इकडे हळवी कविता वाचावी आणि भिंतीपलीकडून यावं, "अरे गाढवा, हातोडा मारतोस की आरती करतोस?" कवितेतली हळवी जागा माझ्या वर्गाला कधीच सापडली नाही.

सरांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच, की लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांना भिडले की मधून उजेड दिसता कामा नये. पोरं आठवडेच्या आठवडे एक तुकडा घासत. बोटांना फोड येत. मग तुकडा सरांपुढे जाई, गुण्या लागे, डोळा मिटे. "उजेड दिसतोय. जा, घास." एकदा एका मुलाचा बाप तक्रार घेऊन आला, की पोरगा घरी येऊन रडतो. सर म्हणाले, "रडू द्या की. रडताना हात सरळ चालतो ना, तेवढं बघा."

नववीला एक जॉब असे. एका पट्टीला खाच, दुसरीला जीभ, आणि दोन्ही एकमेकींत अल्लद बसल्या पाहिजेत. याला कारखान्यात मेल-फिमेल म्हणतात. मुलामुलींच्या शाळेत भिंतीपलीकडून "मेल बाहेर काढ! फिमेल आधी नीट घास!" अशा आरोळ्या येऊ लागल्यावर हेडमास्तरांनी सरांना बोलावून मराठी शब्द वापरायची विनंती केली. सरांनी एक दिवस वापरले. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर स्वतःच म्हणाले, "तांडेल, तुमचं इंग्रजीच बरं होतं."

पण या वर्कशॉपची खरी गंमत मला उशिरा कळली. ग्रँट इतकी तुटपुंजी की नवं लोखंड आणायची सोय नव्हती. म्हणून परीक्षा झाली, मार्क पडले की पोरांनी केलेले सगळे जॉब सर करवतीनं कापत आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना तेच तुकडे घासायला देत. ती घासत, तुकडे तपासले जात, पुन्हा कापले जात. तुकडे बिस्किटाएवढे झाले की भंगारात. मी चेष्टेनं म्हटलं, "म्हणजे सर, इतक्या वर्षांत तुमच्या वर्कशॉपात बनलेली एकही वस्तू जगात नाही?"

सर नेहमी वाजवीपेक्षा मोठ्यानं उत्तर देणारे. त्या दिवशी हळू आवाजात म्हणाले, "नाय बाई. एक पण नाय."

त्यानंतर त्यांनी हेडमास्तरांच्या मागे लकडा लावला. शाळेचं गेट कुजलं होतं. ते आपण करू, नववी-दहावीची पोरं करतील, लोखंड तेवढं द्या. रिटायर व्हायला फार दिवस उरले नव्हते. "पोरगं ना बाळ," ते मला म्हणाले, "एक गेट तरी राहू दे मागं." हे बोलून लगेच त्यांनी माझ्या टेबलाचा कोपरा तपासला आणि तो वाकडा ठरवला, त्यामुळे मला वाईट वाटायला सवडच मिळाली नाही.

अखेर लोखंड मंजूर झालं. पूर्ण दिवाळीची सुट्टी वर्कशॉपात ठिणग्या उडत होत्या. सरांच्या पत्नी हिराबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकत. त्या अधूनमधून डबा घेऊन येत आणि नवऱ्याला सगळ्या पोरांदेखत झापत. सरांना झापणारी जगात ती एकच व्यक्ती. "जल्लं तुमचं त्या गेटाचं! घरची कडी लागत नाय दोन वर्सं, ती कोण करील? तुमचा हेडमास्तर?" सर खाली मान घालून बोंबलाचं कालवण जेवत.

गेट भर थंडीत, पहाटे बसवलं. दोन दणदणीत फाळके, मधे भिडले की हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, ब्लेडसुद्धा आत जाणार नाही. सरांनी प्रत्यक्ष घालून दाखवलं, गेलं नाही. मग कोणी वापरून खराब करू नये म्हणून दोन्ही फाळके सताड उघडे ठेवून सुतळीनं बांधले आणि उद्घाटन होईतो त्यांना हात लावायला बंदी केली.

उद्घाटन एक मेला ठरलं. झेंडावंदन, वर्षाचे निकाल आणि गेट, सगळं एकाच खर्चात. संस्थेचे अध्यक्ष कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आले. सरांनी त्यांना फीत कापायला लावली आणि म्हणाले, "साहेब, लोक उघडून उद्घाटन करतात. आपण बंद करून करू." सकाळच्या गारव्यात फाळके लोण्यासारखे फिरले आणि खट्ट करून मिटले. अध्यक्षांनी फटीला डोळा लावला. हेडमास्तरांनी लावला. कुणालाच काही दिसलं नाही. टाळ्या पडल्या. तांडेल सरांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा कधी पाहिला नाही. नवरदेवाचा बाप परवडला.

भाषणं झाली, निकाल वाटले, ऊन चढलं. अध्यक्षांना खडवलीला पुतणीच्या लग्नाचा मुहूर्त गाठायचा होता. ते गेटापाशी गेले. गेट उघडेना. शिपायानं जोर लावला, पीटीच्या सरांनी लावला, दहावीच्या अर्ध्या वर्गानं लावला. मेच्या उन्हात लोखंड फुगलं होतं आणि दोन्ही फाळके एकमेकांत घट्ट रुतले होते. सरांनी फुगायला जागाच ठेवली नव्हती. शाळेला दुसरा दरवाजा नव्हता. आत निकालाची प्रगतिपुस्तकं हातात धरलेले पालक, त्यातले निम्मे नापासांचे, त्यामुळे वातावरण आधीच तापलेलं.

"तांडेल, चूक झाली तुमची," हेडमास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

"गेट बरोबर हाय," सर म्हणाले. "ऊन चुकलंय."

शेवटी अध्यक्षांना शिडीवरून भिंतीवर चढवलं आणि पलीकडे सोडलं. पलीकडे उसाच्या रसवाल्यानं चिपाडं टाकली होती. पडल्याच्या आवाजावरून ते त्यांच्यातच उतरले असावेत. ते गेल्यावर कुणाला तरी सुचलं, आणि ऐन पाणीटंचाईत आम्ही बादल्या भरभरून त्या गेटाला आंघोळ घातली. थंड झाल्यावर ते सुस्कारा टाकून उघडलं.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांचा निरोप आला, की सुट्टीत हे गेट काढून भंगारात द्या, नवं माझा मेहुणा बसवील. हेडमास्तर मनानं चांगले. ते म्हणाले, "तांडेल, मधे थोडी फट ठेवा, मी अध्यक्षांना समजावतो." सर म्हणाले, "माझ्या कामात उजेड? त्यापेक्षा भंगारात द्या." आणि घरी निघून गेले.

मी तेव्हा त्यांना मनातल्या मनात मूर्ख म्हटलं होतं. चार दिवसांनी रजिस्टरं पुरी करायला शाळेत गेले तर गेटाशी सर उभे, घामानं निथळत, हातात कानस. ग्राइंडरनं ते काम तासाभराचं, पण ते हातानं घासत होते. सावलीत हिराबाई डबा घेऊन बसल्या होत्या.

"कसं काय तयार झाले?" मी त्यांना हळूच विचारलं.

"तयार कशाला होतायत! रातभर येरझारा. मी बोलले, दोघांच्या मधी बोटभर जागा लागतेच. मी नाय ठेवली एवढी वर्सं? चिकटून ऱ्हायले असते तर कवाच पेटले असते दोघं!"

सरांनी ते ऐकलं असणार. कानस मात्र थांबली नाही. संध्याकाळपर्यंत फाळक्यांमधून पलीकडचा रस्ता दिसायला लागला. सरांनी तिकडे पाठ करून एप्रन सोडला. हेडमास्तरांनी शब्द पाळला आणि गेट वाचलं.

पुढच्या वर्षी सर रिटायर झाले. निरोप समारंभात त्यांना दिलेला नारळ त्यांनी तपासला नाही, त्यावरून मला कळलं की त्यांचं चित्त ठिकाणावर नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात हिराबाई गेल्याचं कळलं. मी भेटायला जाईन जाईन म्हणत होते. वर्कशॉपला हळूहळू गिऱ्हाईक कमी झालं. कंपन्याच बंद पडायला लागल्या, तर कानस घासून पोरं जाणार कुठे? संस्थेनं वर्कशॉपाच्या जागेत प्राथमिक शाळा काढली आणि माझ्या भिंतीपलीकडून आता पाढे ऐकू येऊ लागले. मला खोटं बोलायचं नाही, कविता त्यामुळे काही सुधारल्या नाहीत. उलट शिव्यांची सवय झाल्यामुळे मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी मधल्या सुट्टीत मी खिडकीतून पाहिलं तर पहिली-दुसरीची चारपाच चिमुरडी पोरं गेटाच्या आडव्या पट्टीवर उभी राहून झोके घेत होती. आणि गेट ढकलत होते तांडेल सर. ज्या माणसानं गेटाला नुसता हात लावणाऱ्या दहावीच्या पोराला वर्कशॉपभर पळवलं होतं, तोच माणूस "धरा रे, घट्ट धरा!" म्हणत, वाकून, हळूहळू ढकलत होता. मी खाली गेले.

मला पाहून ते ओशाळले. "लोड टेस्टिंग चाललंय बाई."

"इकडे कसे, सर?"

"सहज. पाय मोकळे करायला निघालेलो."

"ठाण्याहून डोंबिवलीला?"

ते हसले. शिपाई मागून मला खुणावत होता. नंतर त्यानं सांगितलं, आठवड्यातून दोनदा तरी येतात, बिजागऱ्यांना तेल घालतात, पोरांची वाट बघतात. हिराबाई गेल्यावर मी एकदाही या माणसाकडे गेले नव्हते, आणि आता फार वाईट वाटत होतं.

घंटा झाली. पोरं उड्या टाकून पळाली. एक मुलगी तेवढी परत आली, सरांच्या हातात अर्धी पेपरमिंटची गोळी ठेवून गेली. सरांनी ती तोंडात टाकली आणि गेट रुमालानं पुसायला लागले.

"चला सर, वर चहा घेऊ," मी म्हटलं.

"नको बाई, तुमचा तास असेल." पुसता पुसता त्यांनी विचारलं, "ही बारकी पोरं सुटतात किती वाजता?"

"साडेपाचला."

सरांनी घड्याळात पाहिलं. नुकते तीन वाजत होते.

"थांबतो मग," ते म्हणाले. "घरी जाऊन तरी काय, कुलूपच उघडायचं."