अकरा पाहुणे आणि बाराची पिशवी

हात धुण्यात माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या मळमड्डी भागात कोणी नाही! बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, आणि गेले चार महिने बायकोचं डायलिसिस घरीच सांभाळतोय. नूतनच्या पोटात एक नळी बसवली आहे. दिवसातून चार वेळा तिला औषधी पाण्याची पिशवी जोडायची, जुनं पाणी काढायचं, नवं सोडायचं. पण जोडताना हात अस्वच्छ असला तर जंतू थेट पोटात! पहिल्याच महिन्यात तसं झालं. निघालेलं पाणी पेजेसारखं गढूळ, अंगात ताप, आणि आठ दिवस दवाखाना. तिथल्या बाकावर बसून मी ठरवलं, यापुढे आपल्या घरात न धुतलेला हात दिसणार नाही.

त्या रविवारी हुबळीहून माझे मेहुणे आप्पासाहेब बहिणीला बघायला आले. सोबत आणखी दहा माणसं!

"थांबा!" मी दारातच अडवलं. "आधी हात. साबण लावून, कोपरापर्यंत!"

"दाजी, आम्ही काय ऑपरेशन करायला आलोय काय?"

"बोटांच्या मधलं राहिलं! पुन्हा!"

बेसिनपाशी पंगतीला लागावी तशी रांग लागली. आप्पासाहेबांच्या सासूबाईंना तर मी तीनदा परत पाठवलं. मग अकराही जणांना तोंडाला रुमाल लावून नूतनच्या खोलीत ओळीनं बसवलं.

बाराच्या पिशवीची वेळ झाली. पंखा बंद, खिडक्या बंद, माझ्या आणि नूतनच्या तोंडाला मास्क. मी हातांना भरपूर फेस केला आणि नळ सोडला. नळ खोकला, दोन थेंब टाकले आणि गप्प! टाकी रिकामी. पाणी येणार ते परवा!

तसाच फेसाळ हातांनी शेजारच्या यल्लव्वाअक्कांकडे धावलो. "अक्का, नीरु! पाणी ओता पटकन!" त्यांनी घागर ओतली. हात स्वच्छ. आता कशालाही शिवायचं नाही! समोर कोणी बंदूक रोखल्यासारखे हात वर करून मी निघालो, तोच समोरच्या घरातले महादेवराव धावत आले.

"काय झालं सर? नूतनताई बऱ्या आहेत ना?" आणि काळजीनं त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले!

परत अक्का. परत घागर. या वेळी खोलीत पोचलो, धुतलेल्या टॉवेलला हात पुसले, आणि खिशातला फोन वाजला. घेतला! दवाखान्यातल्या सिस्टर भार्गवी होत्या.

"सर, हात धुतले ना?"

"दोनदा!" मी छाती फुगवून सांगितलं.

"मग फोन कशानं धरलाय री?" त्यांनी कानडी अदबीनं विचारलं.

मी हाताकडे बघितलं. पलंगावरून नूतन शांतपणे म्हणाली, "जा. अक्का अजून दारातच उभ्या आहेत, घागर घेऊन."

तिसऱ्यांदा मात्र सगळं नीट पार पडलं. निघालेलं पाणी इतकं नितळ होतं की पिशवीखाली वर्तमानपत्र धरून मी मथळा वाचून दाखवला. नूतन हसली.

संध्याकाळी सिस्टरना फोन करून अकरा माणसं, टाकी, महादेवराव, सगळं ऐकवलं.

"पण सर," त्या म्हणाल्या, "पिशवी बदलताना खोलीत बाहेरचं कोणीच नको. त्यांना अर्धा तास पुढच्या खोलीत बसवायचं होतं. बास!"

मी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" नूतननं विचारलं.

"कौतुक करत होत्या," मी म्हणालो.