धुक्यातली काटकसर

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. पेट्रोल महागलं होतं आणि त्याच हिवाळ्यात थंडीही हात धुऊन लोकांच्या पाठीस लागली होती. घड्याळजींनी तेव्हा मनावर घेतलं, की आपली जुनी गाडी थंडीतसुद्धा कमी पेट्रोलात चालवून दाखवायची. जन्मभर सुईच्या टोकाने घड्याळांना तेल पाजलेला माणूस तो. आपली गाडी घटाघटा पिते, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

इंजिन गार असलं की जास्त खातं, म्हणून त्यांनी गाडीच्या तोंडाला पुठ्ठा बांधला. चाकांत हवा टम्म भरली. ओझं कमी करायला मागचं बाक काढून ओसरीत ठेवलं. बाहेरचा आरसा वाऱ्याला अडतो, म्हणून तोही उतरवला. गाडीत ऊब करायचं यंत्र होतं, त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. आणि पायाखालचं पेट्रोलचं पेडल हळुवार दाबलं जातंय की नाही हे कळावं, म्हणून काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी बायकोच्या हातात दिली.

बायको म्हणजे धाकटी. सगळे तिला धाकटीच म्हणत, कारण थोरली अक्का होती. आई गेल्यावर अक्कानेच तिला वाढवलं होतं, आणि हमरस्त्यापासून आत एका आडगल्लीच्या टोकाला खानावळ चालवून वाढवलं होतं. आता त्या गल्लीत कुणी वळेनासं झालं होतं. जागा एका गोदामवाल्याने मागितली होती. त्या दिवशी सकाळी त्याला किल्ली द्यायची आणि अक्काने बहिणीकडे राहायला यायचं, असं ठरलं होतं. तिला आणायलाच ही दोघं पहाटे निघाली होती. अक्का चुलीशिवाय जगेल कशी, या विचाराने धाकटीला रात्रभर झोप नव्हती. त्यात घड्याळजींनी बजावलं होतं, की अक्का चालेल, पण तिचा मोठा पितळी हंडा गाडीत चालणार नाही.

दोन घोंगड्यांत गुरफटून, गारठलेल्या बोटांत वाटी धरून ती बसली होती. गाव सुटलं आणि धुकं उतरलं. साधंसुधं धुकं नव्हे. गाडीचं नाक दिसेना.

"अहो, थांबा ना जरा कडेला."

"थांबलो की पुन्हा वेग घ्यायला किती पेट्रोल जातं, ठाऊक आहे? थेंबे थेंबे तळे साचे."

"तळं माझ्या मांडीत साचलंय," धाकटी म्हणाली.

घड्याळजी थांबले नाहीत आणि जोरातही गेले नाहीत. लंबकासारखी एका लयीत गाडी चालली होती. मागून एका बसने भोंगा वाजवून वाजवून त्यांचा उद्धार केला. मग दुसऱ्या कुणीतरी केला. ते म्हणाले, ज्याला घाई आहे त्याने खुशाल पुढे जावं. पुढे कोण जाणार? पुढे पांढरी भिंत होती. हळूहळू भोंगे थांबले.

बराच वेळ आवाज नाही म्हणून धाकटीने मान वळवली, आणि वाटीतलं उरलंसुरलं पाणीही सांडलं. मागे दिवेच दिवे होते. बसचे दोन, त्यामागे दोन, त्यामागे आणखी, धुक्यात मऊ झालेले, एकामागोमाग एक, पार दिसेनासे होईपर्यंत. कुणी पुढे घुसत नव्हतं, कुणी मागे राहत नव्हतं. एवढी मोठी माळ तिने कधी पाहिली नव्हती, आणि ती तिच्या नवऱ्याच्या मागून येत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसाच्या मागून भाजीची पिशवी घेऊन तिच्याशिवाय कुणी चाललेलं तिला आठवत नव्हतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमच्यामागे सगळं जग येतंय."

"बोलू नकोस. वळण आलं," घड्याळजी म्हणाले, आणि ब्रेक न लावता अक्काच्या गल्लीत वळले.

बसही वळली. बसमागचे सगळे वळले. ज्याची त्याची नजर पुढच्या लाल दिव्यावर होती, रस्ता वाकला असेल असंच प्रत्येकाला वाटलं. अक्का दाराशी भांड्यांच्या पेटीवर बसली होती. तिच्या ओसाड अंगणात धुक्यातून एक गाडी आली, मग बस, मग दुधाची गाडी, मग मोटारी. ती उठून उभी राहिली. तिने हात जोडले, आणि कुणाला जोडावेत ते न कळून तसेच धरून ठेवले.

मग लोक उतरले आणि ओरडायला लागले. हे कुठं आणलंत आम्हाला? पुढचा गाडीवाला कोण? घड्याळजी पेट्रोलचा काटा पाहण्याच्या निमित्ताने गाडीत खाली वाकले ते वर येईनात. पण परत जायची हिंमत कुणालाच होत नव्हती, आणि थंडीने सगळ्यांचे दात वाजत होते.

अक्काने पेटी उघडली. हंडा बाहेर काढला.

धाकटीने पदर खोचला. उरलेले बटाटे, कांदे, गाजरं, सगळं हंड्यात गेलं. दुधाच्या गाडीवाल्याने कॅन उतरवले. थोड्या वेळात खिडक्यांवर वाफ धरली आणि भांडणाचा आवाज जाऊन चमच्यांचा आवाज आला. मफलर गुंडाळलेला एक लठ्ठ गृहस्थ मधेच उभा होता, त्याच्या हातात अक्काने पावाची परात दिली. "उभे काय राहिलात? त्या कोपऱ्यात द्या."

त्याने दिले. मग मफलर सोडला. तो गोदामवाला होता, रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या मोटारीतून आलेला.

"किल्ली घ्यायला आलो होतो, अक्का."

"गिऱ्हाइकं बसलीत," अक्का म्हणाली. "आधी सूप घ्या."

त्याने दोनदा घेतलं. "इथं एवढी माणसं येतात, हे सांगितलं नव्हतंत तुम्ही."

"मला तरी कुठं ठाऊक होतं?"

किल्लीचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुपारी धुकं जरा पातळ झालं. तरी गल्लीतून हमरस्त्यावर निघताना वळण दिसत नव्हतं. बस-ड्रायव्हर घड्याळजींकडे आला. धाकटीला वाटलं, आता हा त्यांची गचांडी धरणार. तो म्हणाला, "मामा, सकाळी तुमच्या दिव्यावर भरवसा ठेवून आलो. आता तेवढं कोपऱ्यावर दिवे लावून उभे राहाल?"

जागच्या जागी इंजिन चालू ठेवायचं. घड्याळजींच्या दृष्टीने याहून मोठं पाप नव्हतं. बॅटरी जुनी, इंजिन बंद केलं तर दिवे मालवणार. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग कोपऱ्यावर जाऊन, इंजिन तापू नये म्हणून गाडीच्या तोंडाचा पुठ्ठा काढून, शेवटची मोटार नीट वळेपर्यंत ते उभे राहिले. हात दाखवत राहिले. जाणारा प्रत्येक जण काच खाली करून काहीतरी म्हणत होता, आणि त्यांचे कान लाल झाले होते, थंडीने असतील. शेवटची मोटार गेली तेव्हा टाकी कोरडी ठक्क होती.

संध्याकाळी तीच बस परत आली. ड्रायव्हरने दोर बांधला आणि गाडी ओढत घरापर्यंत आणून सोडली. उतरताना म्हणाला, "मामा, जाताना किती गेलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पण येताना एक थेंब गेलेला नाही." घड्याळजींनी गंभीरपणे मान हलवली.

पुढे त्या गल्लीच्या तोंडाशी बसचा थांबा झाला, तो ड्रायव्हरच्या हट्टाने. अक्काने हात थरथरेपर्यंत खानावळ चालवली आणि हात थरथरायला लागल्यावर खुर्चीत बसून चालवून घेतली. गोदामवाल्याला गोदाम दुसरीकडे मिळालं, पण जेवायला तो इथेच येई आणि सवयीने पाव वाढी. घड्याळजी गेले त्या दुपारीही ते कुणाचं तरी घड्याळ दुरुस्त करत होते. घड्याळ चालू झालं होतं. त्यानंतर उतारवयात धाकटी गाडी चालवायला शिकली. ती जोरात चालवते, कचकन ब्रेक लावते, पेट्रोलचा विचार करत नाही. हिवाळ्यात धुकं पडलं, की मात्र ती वेग कमी करते आणि आरशात बघते.

अजून तरी मागे कुणी आलेलं नाही.