पाखऱ्याचा पोळा

मारोतीमामा मिस्तरी दर वर्षी इंजिनाची खांदमळणी करत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वाफेच्या इंजिनाला खांदा नेमका कुठे असतो, हे साऱ्या जालन्यात एकट्या मामांना माहीत होतं. चिमणी आणि बॉयलरवरचा पितळी घुमट यांच्या मधे.

स्टेशनाच्या अंगाला आमचा जिनिंगचा कारखाना होता. मी तिथे कारकून, मामा बॉयलरवरचे मिस्तरी, आणि कारखान्याच्या चाळीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लावून. दुसऱ्या लढाईचे, निजामाच्या राज्यातले ते दिवस. कारखान्यातून स्टेशनापर्यंत आमचे स्वतःचे रूळ होते आणि कापसाच्या गाठींचे डबे नेण्यासाठी एक बुटकं इंजिन होतं. जालन्याला रेल्वे आली तेव्हा लाईनीची खडी त्यानेच वाहिली होती, असं जुनी माणसं सांगत. मामांनी त्याचं नाव ठेवलं होतं पाखऱ्या.

मामांच्या लेखी चिमणी म्हणजे शिंग आणि बॉयलर म्हणजे पोट. वाफ कमी असली की ते सांगत, "रवंथ करून राह्यलाय." एकदा मी पाखऱ्याच्या पायरीवर चपलेसकट चढलो, तर त्यांनी मला दोन दिवस चहा दिला नाही.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे आमंत्रण टाळणं. सण कुठलाही असो, माझी बायको त्यांना जेवायला बोलवायची आणि मामा हात जोडून म्हणायचे, "घरी पाव्हणे हायेत." त्यांच्या खोलीत आम्हाला कधी पाहुण्याची चप्पलही दिसली नाही. बायको साथीत गेलेली, मूलबाळ नाही. राजूरकडच्या भावांशी वाटणीवरून बोलणं तुटलेलं. त्या वाटणीत भावांनी रान घेतलं आणि ह्यांच्या पदरात घातला एक म्हातारा बैल. मामांनी तक्रार केली नाही. बैल मरेपर्यंत सांभाळला आणि मगच ते जालन्याला आले. त्या बैलाचं नावही पाखऱ्याच होतं. हे मला फार उशिरा कळलं.

मग इंजिनाच्या बॉयलरच्या नळ्या गळायला लागल्या. शेठनी हिशेब केला की डबे ओढायला भाड्याचे बैल पुरतात आणि लढाईमुळे लोखंडाला भाव आहे. पाखऱ्या भंगारात द्यायचा ठरला. मामा शेठसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गावात रेल आणली त्यानं. त्याला मोडू नका. मी चालता करतो." शेठ मुंबईकडचे, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी सांगितलं, पुढच्या पोळ्यापर्यंत चालवून दाखवा, नाहीतर भंगारवाला येऊन घेऊन जाईल. आता पोळा कधी असतो हे शेठना कुठे माहीत होतं? ती मुदत मामांनीच त्यांच्या तोंडात घातली होती.

त्या वर्षी मामा माणसात नव्हते. बॉयलरवरची पाळी संपली की पाखऱ्याच्या पोटात शिरायचे. आतून नळ्या खरवडल्याचा आवाज यायचा आणि बाहेर नुसते दोन पाय दिसायचे. फुटक्या नळ्या काढल्या आणि कारखान्याच्या जुन्या बॉयलरमधल्या कापून तिथे बसवल्या. वाफ गळते तिथे ताग आणि चरबी ठासून भरली. तीनदा पेटवला, तीनदा कुठून तरी पाणी गळालं. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, मामा, आता पुरे. ते बाभळीची राख झाडत म्हणायचे, "बिलकुल न्हाई." चौथ्यांदा वाफ धरली. पाखऱ्या शेडमध्ये जागच्या जागी पुढे-मागे हलला, तेव्हा मामा खाली उतरून आधी त्याच्या पाया पडले.

पण शेठना रिकामं हलणारं इंजिन नको होतं, त्यांना काम हवं होतं. आणि कामाचा दिवस आपसूक चालून आला. साठवलेल्या गाठी विकल्या गेल्या, डबे भरले, दुपारच्या मालगाडीला ते लागलेच पाहिजेत असं ठरलं. शेठनी बैलवाल्यांना निरोप धाडला. बैलवाले निरोप्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू? एकही जण तयार होईना. शेठ धावत शेडकडे आले.

पाखऱ्या पेटलेला होता. शिंगाला गेरू, कपाळाला बाशिंग, दोन्ही बाजूंना बेगड. शेठ म्हणाले, झकास, लावा साखळी डब्यांना.

मामा साखळीच्या आडवे उभे राहिले. "आज पोळा हाये. आज जू न्हाई."

मी कपाळावर हात मारला. ज्या दिवसासाठी माणसाने वर्षभर हाडं झिजवली, तो दिवस उगवला आणि हे असे! मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आज डबे गेले नाहीत तर उद्या पाखऱ्या जाईल. "म्हाईत हाये," मामा म्हणाले आणि रुळावर बसले. मला त्यांचा राग आला आणि तितकीच त्यांची कीव आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

थोड्या वेळाने ते उठले. शेड रुळांच्या आतल्या टोकाला होती आणि डबे पुढे, स्टेशनाच्या बाजूला. मामांनी पाखऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. "साखळी लावायची न्हाई. साखळी म्हंजे जू. डोक्यानं ढकलंल त्यो. सणाला बैल टक्कर खेळतोच की."

शेठ म्हणाले, डबे मोकळे सुटून पळाले तर? मामांनी माझ्याकडे पाहिलं. "बापू हायेत ना ब्रेकाला."

अशा रीतीने मी, धोतर खोचलेला कारकून, डब्याच्या ब्रेकच्या दांड्यावर ओणवा होऊन स्टेशनापर्यंत चालत गेलो. मागून पाखऱ्या हंबरत ढकलत होता. कारखान्याच्या फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण होतं, त्याखालून तो गेला तेव्हा सजवलेले बैल घेऊन उभ्या असलेल्या लोकांनी त्याच्यावरही भंडारा उधळला. डबे मालगाडीला लागले. पोळाही मोडला नाही. शेठनी भंगारवाल्याला परत पाठवलं.

संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो. पाखऱ्यापुढे पुरणपोळीचं ताट होतं आणि त्याच्या पायरीवर बसून मामा दुसऱ्या ताटात एकटे जेवत होते. तेव्हा मला त्यांचे पाहुणे कळले. मी हाक न मारता परत आलो.

पुढच्या वर्षी खांदमळणीच्या दिवशी बायकोने वाटीत हळद-लोणी दिलं आणि सांगितलं, उद्याच्या जेवणाला मामांचा होकार घेतल्याशिवाय येऊ नका. मामा पाखऱ्याचा खांदा चोळून नुकतेच उतरले होते. बैलाला म्हणतात तेच त्याला म्हणून झालं होतं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी जेवायचं विचारलं. ते हात जोडून सुरू झाले, "घरी पाव्हणे..."

मी पुढचं ऐकलंच नाही. त्यांच्या बंडीची बाही वर सारली, खांद्याला लोणी लावलं आणि चोळत म्हणालो, "मामा, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मामांनी एकदा पाखऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच दुसरी बाही वर केली.

"ह्यो राह्यला," ते म्हणाले.