दर रविवारी कोरा

आमचे शेजारी हरिभाऊ दोन छत्र्या घेऊन फिरतात. एक डोक्यावर, दुसरी काखेत. माळशेज घाटात जन्मभर एसटी चालवली, तेव्हापासूनचा त्यांचा नियम आहे, "स्टेपनी बघितल्याबिगर गाडी डेपोबाहेर काढायची नाय." चष्मे दोन, बॅटऱ्या दोन, दाराला कुलपं दोन. बायको गेल्यावर कुणीतरी दुसऱ्या लग्नाचं सुचवलं, तेव्हा मात्र म्हणाले, "तिची स्टेपनी नाय भेटत."

बाळांनो, मध्यंतरी त्यांच्या लेकीने, सुवर्णाने, हैदराबादहून त्यांना नवा लॅपटॉप पाठवला. रविवारी पडद्यावरचं इंग्रजी वाचायला मला बोलावणं आलं. सुवर्णा फोनवरून सांगत होती, मी वाचत होते आणि हरिभाऊ हॉर्न दाबावा तशी बटणं दाबत होते.

"बाबा, आता पासवर्ड टाका."

"टाकतो गो. पन याची स्टेपनी कुठंय?"

"आधी चालू तर होऊ दे!"

"मंग बंद पडल्यावर तू येशील का हैदराबादवरना?"

शेवटी बिचारीने मूळ सिस्टिमचा बॅकअप पेनड्राइव्हवर कसा घ्यायचा तेही सांगितलं. पेनड्राइव्ह हरिभाऊंनी मुरबाडच्या बाजारातून अर्थातच दोन आणले होते.

"बिघडला तर यावरून पुन्हा नव्यासारखा करता येतो," मी समजावलं.

"म्हंजे खोक्यातनं काढला तसा? कोरा?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

सगळं आटपेपर्यंत दुपार कलली. लॅपटॉप स्वतःचं काहीबाही करत बसला की सुवर्णा गप्पा मारायची. भात किती आला, गुडघा कसा आहे, शेजारची म्हैस व्याली का.

पुढच्या रविवारी बघते तर लॅपटॉप कोरा! पुन्हा देश विचारतोय, भाषा विचारतोय, नाव विचारतोय.

"आपोआप झाला, वयनी," हरिभाऊ म्हणाले.

पुन्हा फोन, पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी शिस्तीची बाई. चार्जर तपासला, विजेच्या ये-जा करण्यावर संशय घेतला, माझ्याच वाचण्यात चूक होतेय का तेही पाहिलं. काही म्हणता काही उमगेना. झोपेतसुद्धा मी 'नेक्स्ट, नेक्स्ट' म्हणू लागले.

या रविवारी जरा लवकर गेले. हरिभाऊ पेनड्राइव्ह लावून बसले होते. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं पडद्यावर विचारलं होतं. त्यांनी 'हो' दाबलं आणि मला पाहून दचकले.

"हरिभाऊ, तुम्हीच पुसता?"

त्यांनी मान खाली घातली. "एरवी तिचा फोन म्हंजे, जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते. थांब्यावर गाडी थांबलीच नाय, तसा. याच्यापायी कशी निवांत बोलते."

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. सुवर्णा वैतागली होती. "मावशी, हा पीसच खराब दिसतोय. परत पाठवा. मी इथूनच दुसरा सगळा तयार करून पाठवते, म्हणजे बाबांना काही करायलाच नको. खराबच आहे ना?"

हरिभाऊ माझ्याकडे बघत राहिले.

"लॅपटॉप चांगला आहे गं," मी म्हटलं. "तुझे बाबाच हळू शिकतायत. अजून बरेच रविवार लागतील."

मग सुवर्णा म्हणाली, "लागू देत. बाबा, थांबा हं, मी चहा घेऊन बसते."